घारीला ठेवलेलं नाव

एका गावात एक भांड्यांचे दुकानदार होते, त्र्यंबकशेठ. त्यांना नाव घालायचा भारी नाद. गिऱ्हाइकाच्या भांड्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालायचे, आणि दान दिलेल्या प्रत्येक वस्तूवर स्वतःचं. देवळातल्या घंटेवर त्यांचं नाव. शाळेतल्या पाण्याच्या पिंपावर त्यांचं नाव. स्मशानातल्या बाकावरही होतं. पण तिथला मुख्य पाहुणा ते वाचत नसे, याचं शेठना वाईट वाटायचं.

त्याच गावात सरूबाई नावाच्या रिटायर झालेल्या नर्स होत्या. त्या गोठ्यात जखमी पाखरांचा दवाखाना चालवायच्या. कोणी जुनं धोतर द्यायचं, कोणी खोकी द्यायचं, त्यावर सगळं भागायचं. एकदा मांज्याने पंख कापलेली घार आली. पंख शिवला, पण उडायचा सराव करायला तिला मोठा पिंजरा हवा होता. सरूबाई शेठकडे गेल्या.

"पिंजरा देतो. सगळ्या पाखरांना रोजचा खिमाही देतो," शेठ म्हणाले. "पण नाव कुठे घालायचं?"

"जाळीवर कुठे घालणार? सगळी भोकंच."

"मग घारीवर?"

"चावते ती." सरूबाईंनी जरा विचार केला. "असं करू. घारीलाच तुमचं नाव ठेवू."

शेठ खूश झाले.

दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, "सरूबाई, शेठ कसे आहेत?"

"बरे आहेत. सकाळी अर्धा उंदीर खाल्ला. मग माझ्या पदरावर शिटले."

शेठ दुकानात बसून हे ऐकायचे आणि मान ताठ करायचे. हळूहळू ते स्वतःच खिमा घेऊन जायला लागले. चिमट्याने भरवायचे आणि म्हणायचे, "जेव रे त्र्यंबका." त्यांची आई गेल्यापासून हे वाक्य गावात कोणी उच्चारलं नव्हतं.

दोन महिन्यांनी घार पिंजऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास उडायला लागली.

"शेठ, आता सोडायची," सरूबाई म्हणाल्या.

"सोडायची? माझं नाव घेऊन जाईल की ती! राहू दे इथेच, मी पाटी लावतो. सोडलीत तर खिमा बंद."

गोठ्यात अजून दोन घुबडं आणि एक ससाणा आजारी होते. ते त्याच खिम्यावर जगत होते. सरूबाईंनी पिंजऱ्याची किल्ली शेठच्या हातात ठेवली आणि ससाण्याची पट्टी बदलायला गेल्या.

शेठनी तांब्याची पाटी आणून पिंजऱ्याला लावली. तिच्या खाली सरूबाईंची पाखरांबद्दलची जुनी पाटी होतीच. दूध घालायला आलेल्या पारूने दोन्ही पाट्या एका दमात वाचल्या.

"त्र्यंबकशेठ. जवळ जाऊ नये. चावतात." तिने आत डोकावून पाहिलं. "अगंबाई! शेठना कशापायी कोंडलंय?"

शेठनीही आत पाहिलं. त्यांच्या चिमट्यात खिमा होता, पण घारीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्यांच्या डोक्यावरून वर, आभाळाकडे बघत होती.

शेठनी किल्ली फिरवली.

घार उडाली. तिने गावावरून एक ऐटदार चक्कर मारली आणि चौकात जेवायला बसलेल्या सरपंचांच्या ताटातला तळलेला बोंबील उचलून नेला.

"त्र्यंबकशेठनी बोंबील पळवला!" अख्खा चौक ओरडला.

तेव्हापासून गाव रोज शेठना नावं ठेवायला लागलं. "शेठनी माझं कोंबडीचं पिल्लू नेलं." "शेठ माझ्या टोपीवर शिटले." शेठ सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढंच विचारायचे, "पोटभर खाल्लं ना मी?"

खिमा चालूच राहिला. दिवाळीला दवाखान्यात दहा नवी पातेली आली. सगळी कोरी.

"शेठ, नाव घालायचं राहिलं," सरूबाई म्हणाल्या.

शेठनी वर बोट दाखवलं. "राहिलं कुठे? ते काय, फिरतंय."

आणि त्यांनी पटकन आपला जेवणाचा डबा झाकून घेतला.

तात्पर्य: दान दिलं की हात सोडावा आणि दानालाही सोडावं. आपलं नाव आपण घालू नये, नावं ठेवायला गाव खंबीर असतं.