लाल पंजा आणि पितळी पराती

समुद्रापलीकडची माणसे आपल्याकडच्या चुलींची चौकशी करू लागली, त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी रंगाऱ्यांचे गाव होते आणि निंबाजी हा त्या रंगाऱ्यांचा म्होरक्या होता.

गावाची एक रीत होती. रंगवलेल्या कापडाचा गठ्ठा बांधून झाला की निंबाजी आपला उजवा पंजा लाल रंगात बुडवून त्यावर उमटवायचा. तो पंजा म्हणजे गावाचा शब्द. पंजा दिसला की कुठलाही व्यापारी गठ्ठा सोडून बघत नसे.

एक दिवस बंदरावरचा दलाल आला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "निंबाजीदादा, राग मानू नका. पलीकडच्या बाजारात नवा नियम झालाय. लाकूड-कोळसा जाळून केलेला माल ते घेणार नाहीत. ऊन, वारा, वाहतं पाणी, यांच्यावर केलेला असेल तरच."

"का? आमच्या धुरानं त्यांना ठसका लागतो का?" एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने विचारले.

"समुद्र पायऱ्या चढून त्यांच्या घरात शिरतोय, बाबा. साऱ्या जगाच्या धुरानं हवा तापली म्हणतात."

"त्यांनी स्वतःची रानं जाळून महाल बांधले, आणि आता आमच्या काटक्या मोजतात होय!"

सगळे हसले. निंबाजीही हसला. म्हातारा खोटे बोलत नव्हता. पण दलालही खोटे बोलत नव्हता. गावामागचा डोंगर बोडका झाला होता, झरा करंगळीएवढा उरला होता, आणि लाकडासाठी बायकांना पलीकडच्या डोंगरापर्यंत जावे लागत होते.

दलालाने वाटही सांगितली. दूरच्या मुलखात पितळेचे चकचकीत पत्रे मांडून, सगळे ऊन एका जागी पाडून पाणी उकळतात म्हणे. पत्रे आणायचे कुठून? मग ठरले, घराघरातून एकेक परात द्यायची.

निंबाजीची बायको गोदू हिने रुखवतात आलेली मोठी परात काढून दिली.

"पीठ कशात मळशील?" निंबाजीने विचारले.

"फुटकी काठवट आहे की. गावापुढं माझी परात मोठी का?"

डोंगराच्या उतारावर पराती मांडल्या. मधोमध रंगाचे मोठे तांब्याचे भांडे ठेवले. सकाळी त्यातले पाणी कोमट झाले, दुपारी गार पडू लागले. सगळे रंगारी उभे राहून बघत होते. परातींना कोणी हात लावला नाही, कारण रंगाऱ्यांच्या हाताला एक वळण पिढ्यान्‌पिढ्या पडलेले होते. उन्हात घातलेल्या ओल्या कापडाला संध्याकाळपर्यंत शिवायचे नाही, नाहीतर बोटांचे डाग पडतात. उन्हात मांडले ते मांडले. सूर्य पुढे सरकत गेला आणि पराती सकाळच्याच दिशेला बघत राहिल्या.

दलाल दोन दिवसांनी बघायला येणार होता. ऊन आपल्याला साधत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? निंबाजीने विश्वासातले दोन गडी घेतले, उतारामागच्या घळीत भट्टी लावली आणि तिची आच रातोरात खणलेल्या भुयारातून भांड्याच्या बुडाशी नेली. धूर दिसला तर चुना भाजतोय म्हणायचे, असे गड्यांना बजावले.

दलालाने उकळणारे पाणी पाहिले, झगमगणाऱ्या पराती पाहिल्या आणि टाळी वाजवली. गठ्ठे बंदराकडे निघाले. प्रत्येकावर लाल पंजा होता.

पहिला पंजा उमटवताना निंबाजीचा हात जरा थबकला होता. पुढच्या गठ्ठ्यांना तो थबकलाही नाही.

गावाला काहीच माहीत नव्हते. बायका रोज सकाळी चिंच लावून पराती घासत. एकदा गोदूने घळीकडे बघत सहज विचारले, "अहो, एवढा चुना लागतो कशाला?"

"लाल रंगाला लागतो," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

मग आभाळ भरून आले. चार दिवस सूर्य दिसला नाही, तरी भांड्यातले पाणी उकळतच होते. निंबाजीने गड्यांना भट्टी विझवायला सांगितले असते तर भागले असते. पण माल थांबला असता. पाचव्या दिवशी तो उतारावर गेला, तर गोदू परातींना हळदकुंकू वाहत होती.

"बघितलंत ना?" ती डोळे पुसत म्हणाली. "ऊन नाही तरी पाणी उकळतंय. आपल्या गावाची पुण्याई आहे ही!"

निंबाजीला वाटले, डोंगराने आपल्याला पोटात घ्यावे. पण तो मान हलवून खाली उतरला.

पुण्याईची ही बातमी पंचक्रोशीत पसरली. नदीपल्याड हळद पिकवणाऱ्यांचे गाव होते. तेही मोठ्या काहिलीत हळद शिजवायचे आणि त्यांनाही बंदरातून तोच निरोप आला होता. त्या गावाची कारभारीण येसाबाई निंबाजीकडे आली.

"दादा, आम्हीही पराती मांडल्यात. ढगाळ दिवशीही पाणी उकळतं ते कसं, तेवढं सांगा. लोक म्हणतात, जुनं चुलाण मोडू नका. मी म्हणते, त्या गावानं करून दाखवलंय, आपण भ्यायचं कशाला?"

आता सांगून टाकावे असे निंबाजीच्या ओठांवर आले होते. पण अंगणात चार माणसे बसली होती. तो म्हणाला, "चिंचेनं घासा. मनापासून घासा."

येसाबाई आनंदाने परत गेली आणि तिने चुलाण मोडून टाकले.

हळद काढून झाली आणि नेमके आभाळ पुन्हा भरले. येसाबाईच्या गावातल्या बायकांनी पराती घासून घासून तळहात सोलून घेतले, पण पाणी तापले नाही. चूल पुन्हा बांधून वाळेपर्यंत निम्मी हळद ढिगातच कुजली.

येसाबाई पुन्हा आली तेव्हा तिला ओळखणे कठीण होते. तिच्या डोक्यावर परात होती आणि हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"माझं कारभारपण गेलं, दादा," ती म्हणाली. "लोक तोंडावर बोलतात, तुझी पापं ढगात जाऊन बसलीत म्हणून. माझ्या सुनेनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही काल. एक कराल? तुमचा पंजा या परातीवर उमटवा. तुमच्या पुण्याईनं तरी आमचं आभाळ उघडेल."

अंगणात अर्धे गाव जमले होते. गोदूने रंगाचे वाडगे आणून नवऱ्यापुढे ठेवले. निंबाजीने सवयीने पंजा रंगात बुडवला आणि वर काढला. परातीच्या चकचकीत पितळेत त्याला स्वतःचा हात दिसला आणि हातामागे स्वतःचे तोंड. पंजा उमटवला की येसाबाई जन्मभर स्वतःला पापी समजणार होती. नाही उमटवला, तर का नाही ते सांगावे लागणार होते.

त्याच्या बोटांवरून रंग ठिबकत राहिला.

"चला माझ्याबरोबर," तो शेवटी म्हणाला. "सगळेच चला."

तो त्यांना उताराला वळसा घालून घळीत घेऊन गेला. भट्टी धडधडत होती. लाकडांची रास माणसापेक्षा उंच होती. दोन्ही गडी खाली मान घालून उभे राहिले.

"ही आमची पुण्याई," निंबाजी म्हणाला. "तुझ्यात पाप नाही, बाई. पाप इथं आहे."

येसाबाई आगीकडे बघत म्हणाली, "मग आमची हळद?"

निंबाजीने उलट विचारले, "ऊन असायचं तेव्हा तुमचं पाणी उकळायचं का?"

"म्हणजे काय? ऊन असेल तेव्हा रोज. वाळत घातलेली हळद आम्ही सारखी हलवतो, तशा पराती सूर्याकडे फिरवत राहतो. त्यात काय मोठं?"

"माझं एकदाही उकळलं नाही," निंबाजी म्हणाला. "एकदाही नाही. आणि तू माझ्याकडे शिकायला आलीस."

गोदू तडक उतारावर गेली, मागोमाग निंबाजी. तिने आपली परात उचलली, पदराने तिच्यावरचे हळदकुंकू पुसले आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पीठ मळायला नेते."

निंबाजीने भट्टी स्वतःच्या हाताने फोडली. येसाबाईच्या गावच्या चावडीपुढे उभे राहून सगळे सांगितले. तिथल्या लोकांनी येसाबाईची माफी मागितली, पण कुजलेली हळद काही परत आली नाही. निंबाजीने आपल्या घरचे धान्य तिकडे पाठवले. दलालाला निरोप दिला, 'पंजा असलेले गठ्ठे परत पाठवा, तो शब्द खोटा आहे.' गठ्ठे परत आले, मोठी मागणी गेली आणि गावाने पडेल भावात जवळच्या बाजारात कापड विकले.

येसाबाईच्या गावातल्या बायकांनी येऊन रंगाऱ्यांना पराती फिरवायला शिकवले. उन्हाच्या दिवशी पाणी उकळू लागले. ढगाळ दिवशी भांडे गार असायचे. वाटसरू विचारायचा, "आज रंग नाही वाटतं?" निंबाजी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणायचा, "आज ऊन नाही. आज रंग नाही."

पंजा मात्र त्याने पुन्हा उमटवला नाही. गठ्ठे तसेच जायचे आणि व्यापारी आता एकेक घडी उलगडून तपासायचे. निंबाजी शेजारी मान खाली घालून उभा राहायचा.

असे बरेच दिवस गेल्यावर, एका लख्ख सकाळी तो उतारावर आला तर पहिल्या ओळीतली रिकामी जागा भरलेली होती. गोदूची परात तिथे होती. कडेला थोडे पीठ चिकटलेले होते. गोदू शेजारी बसून ती सूर्याकडे वळवत होती.

"बघत काय उभे राहिलात?" ती म्हणाली. "तिकडची धरा. ऊन थांबत नाही कुणासाठी."

या गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच: जगाच्या दबावाने हाती घेतलेले चांगले काम मनापासून केले तर ते आपले होते. नुसता देखावा केला, तर आपल्यावर विश्वास ठेवून खरे वागणारी माणसेच आधी बुडतात.