तेरावा खिळा

“...तर घर विकू का नको, एवढंच सांगा बाबा.”

सोमपुरीबाबांनी चुन्याची बादली खाली ठेवली. कुंचला बादलीवर आडवा टाकला.

“कुणाचं घर?”

“माझं. वीस वर्षं लोकांच्या लग्नात पोळ्या लाटल्या, तेव्हा उभं राहिलं. नवऱ्याची एक वीट न्हाई त्यात.”

बाई कराडची होती. मालन शेडगे. पहिल्या एसटीनं आली होती आणि टेकडी चढून धापा टाकत थेट बाबांपुढं उभी राहिली होती. पाया पडायचंही विसरली.

मी मठाच्या चुलीपुढं होते. चूल आणि पडवी यांच्यात भिंत नाही, म्हणून ऐकू आलं. कान लावून ऐकायची मला सवय नाही.

“विकायला झालंय काय?”

“वरच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. ढोबळे म्हणून आहे, डेपोत मेकॅनिक. बायको, दोन पोरं. माणूस न्हाई बाबा तो, शिक्षा आहे शिक्षा.”

“काय करतो?”

“काय करत न्हाई ते विचारा! नळ उघडा टाकून जातात. मटणाची हाडं माझ्या पत्र्यावर. मोटारसायकल माझ्या दारात आडवी. बोलायला गेलं की म्हणतो, मावशी, भाडं देतो, फुकट राहत न्हाई.”

“देतो का?”

“देतो ना! एक तारखेला, हातात! तेच तर. एकदा चुकला असता तर केव्हाच हाकलला असता.”

बाबा हसले. मीही हसले, पण तोंड चुलीकडं करून.

“हसू नका. आणि भिंतीला खिळे. बारा!”

“मोजलेस?”

“मोजले. ते बाहेर गेले की जाते वर. सोमवारी बारावा सापडला. कॅलेंडर लावलंय त्याला. बसलेच मी तिथं फरशीवर... त्याच दिवशी एजंटाला सांगितलं, बघ बाबा गिऱ्हाईक.”

“आत कशी जातेस?”

तिनं पोलक्यातून काळा दोरा ओढून काढला. दोऱ्याला किल्ली होती. मंगळसूत्राला लागून लागून घासून चकचकीत झाली होती.

“ही दुसरी किल्ली. त्यांना ठाऊक न्हाई.”

बाबांनी किल्ली नीट बघितली.

बाई खाली बसली. मग तिचा आवाज उतरला.

“सहा महिने डोळ्याला डोळा न्हाई. वर पाट सरकला तरी छातीत धडधडतं. ताट पुढ्यात घेते आणि कान वर. खालनं छताला काठी मारते, तर त्यांची पोरं वरनं पाय आपटतात. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात, त्यानं नुसतं तोंड कडू होतं... उद्या सकाळी गिऱ्हाईक इसार घेऊन येतंय. विकलं की पुतण्याकडं जाईन. एका कोपऱ्यात पडेन. त्याची बायको वाढेल तेव्हा खाईन.”

स्वतःच्या हातानं घर बांधलेली बाई. आणि हे बोलत होती.

“माणूस त्रासाचाच आहे,” बाबा म्हणाले.

तिनं वर बघितलं. दोष तुझाच आहे असं काहीतरी ऐकायची तयारी करून आली असावी.

“आहे ना?”

“आहे. आजचा दिवस मठात राहा. ती कोपऱ्यातली खोली तुझी. संध्याकाळी सांगतो.”

“माझी?”

“तुझी. फक्त भिंतीला टेकू नको. कालच चुना दिलाय.”

ती गाठोडं घेऊन खोलीत गेली. घटकाही झाली नसेल, बाबा तिच्या दारात.

“तांब्या तिथं का ठेवलास? जमीन ओली होते.”

तिनं तांब्या उचलला.

बाबा परत आले. थोड्या वेळानं पुन्हा उठले.

“खिडकी का उघडलीस? धूळ येते.”

तिनं खिडकी लावली.

तिसऱ्या खेपेला त्यांनी तिची वळकटी बघितली, वाकून कोपरा बघितला आणि भिंतीवरनं बोट फिरवलं. मी बाबांना अकरा वर्षं भाकरी घालते आहे. पाहुण्याच्या खोलीत पाऊल टाकताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, म्हाताऱ्याला आज झालंय काय?

बाईनं आतनं कडी घातली.

मग पाय धुवायला टाक्यावर जाताना तिनं बाहेरनंही कडी घातली. परत येऊन कडी काढली, तर बाबा तिच्या खोलीत, तिच्या गाठोड्यापुढं उकिडवे बसलेले.

“बाबा! कडी तर बाहेरनं होती! आत कसे आलात?”

“देवळातनं एक दार आहे. तुला ठाऊक नव्हतं.”

“तुम्ही खोली मला दिलीत ना?”

“दिली.”

“मग घडीघडी कशाला येता? बाईमाणसाची खोली आहे ही! माझं गाठोडं, त्यात माझं काय बी असंल. तुम्हाला काय करायचंय?”

“खोली मठाची आहे, बाई.”

“मठाची असंल! आज माझी आहे!”

तिचा आवाज टेकडीखाली गुराख्यांना ऐकू गेला असेल. बाबा उठले. धोतर झटकलं आणि देवळातल्या दारानं निघून गेले. ती ओल्या पायांनी तशीच दारात उभी होती.

दुपारी मुंग्या निघाल्या. आमच्या मठात मुंग्या फार, आणि बाईनं वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू आणले होते. गाठोडं इकडं ठेव, तिकडं ठेव, मुंग्या हजर. ती माझ्याकडं आली.

“मावशी, वरवंटा द्या जरा.”

“लाडू फोडायचेत?”

“द्या तर.”

दिला. मला काय ठाऊक?

ठक. ठक. ठक.

हातातली भाकरी तव्याऐवजी निखाऱ्यावर पडली. कालच्या चुन्याच्या भिंतीत! बाबांनी चार दिवस खपून, गुडघे धरून दिलेला चुना!

बाबांनी ऐकलं. कुंचला ठेवला. हात धुतले. सावकाश चालत तिच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

खाकरले.

“येऊ का?”

आतली ठकठक थांबली.

“या,” ती म्हणाली.

मीही मागनं गेले. भाकरी जळायची ती जळलीच होती.

दाराच्या मोडक्या चौकटीतला एक गंजका खिळा उपसून तिनं भिंतीत मारला होता. खिळ्याभोवती चुन्याचा पापुद्रा उडाला होता. गाठोडं खिळ्याला लोंबत होतं. वरवंटा तिच्या हातात होता, आणि लपवायला जागा नव्हती.

“मुंग्या लागल्या हो लाडवांना...”

बाबा भिंतीकडं बघत होते.

“मग काय डोक्यावर घेऊन बसू का गाठोडं? खोलीत एक खुंटी न्हाई! माणसानं वस्तू ठेवायची कुठं?”

“खरं आहे,” बाबा म्हणाले.

“एकच मारलाय. एकच! त्या ढोबळ्याचे बारा आहेत.”

“बारा वस्तू असतील.”

ती बोलायला गेली... आणि तोंड उघडंच राहिलं.

एक मुंगी भिंतीवरनं वर चालली होती. खिळ्यापर्यंत गेली, वळसा घालून पुढं गेली.

मग बाई हसली. आधी नाकातनं, मग सगळं अंग हलवून. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तर पदरानं पुसताना वरवंटा पायावर पडता पडता वाचला.

बाबांनी गाठोडं जरा ओढून बघितलं. खिळा हलला नाही.

“पक्का बसलाय. जेव आणि पड जरा.”

जाताना त्यांनी देवळाकडचं दार ओढून घेतलं. त्याची कडी तिच्या बाजूला होती. ती तिला बोटानं दाखवली.

मी भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. बाई खाली मान घालून जेवली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. एकदाही छताकडं बघितलं नाही, छतावर आमची माकडं नाचत होती तरी.

आडवी झाली, तर किल्ली गळ्याखाली टोचायला लागली. कुशीवर वळली, तरी टोचली. उठली, दोरा डोक्यातनं काढला आणि गाठोडं जरा उचलून त्याच्यामागं त्याच खिळ्याला अडकवला.

मी खरकटं उचलेपर्यंत घोरत होती.

दुपार गेली. आरती झाली, घंटा झाली, शंख झाला. ती उठली नाही. मी म्हटलं, “बाबा, तिची साडेसहाची एसटी आहे. उठवू का?”

“सहा महिन्यांची झोप आहे. अर्धा तास तरी राहू दे.”

शेवटी तिची तीच उठली. तोंड सुजलेलं, केस विस्कटलेले, गालावर वळकटीचे वळ. पण सकाळी आली होती ती बाई ही नव्हे. खांदे खाली आले होते.

गाठोडं काखेला मारलं. आता आठवणीनं पाया पडली.

“बाबा, उद्या तो माणूस इसार घेऊन येणार. काय सांगू?”

“घर कुणाचं?”

“माझं.”

“वरच्या खोल्या?”

तिनं गाठोडं दुसऱ्या काखेला घेतलं.

“...राहतोय तवर ढोबळ्याच्या.”

बाबांनी मान हलवली.

“म्हणजे न्हाईच विकत,” ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम मोठ्यांदा, “पण ती मोटारसायकल? नळ? हाडं?”

“ते सांग त्याला. त्याच्या दारात उभी राहून सांग. कडी वाजवून.”

“आणि न्हाई ऐकलं तर?”

“दुसऱ्या दिवशी परत वाजव. तुझा आवाज काय कमी आहे का? गुराखी अजून वर बघतायत.”

ती पुन्हा हसली. पायऱ्या उतरायला लागली. खाली रस्त्यावर एसटीचा धुरळा दिसत होता. सातआठ पायऱ्या उतरली आणि तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला.

पोलकं चाचपलं. मंगळसूत्र चाचपलं. गर्रकन वळली.

“बाबा! माझी किल्ली! खिळ्यालाच राहिली!”

बाबा चुन्याच्या बादलीत कुंचला बुडवत होते. वर न बघता म्हणाले,

“मग खिळा कशाला ठोकलास, बाई?”