सरदार गास्पारांच्या तळघरातला चोर

पिंपाचं झाकण घट्ट होतं, वरची लाख शाबूत होती, आणि तरीही आतली वाईन वीतभर खाली गेली होती!

“चोर! माझ्या तळघरात चोर!” सरदार गास्पार गरजले.

स्पेनच्या उत्तरेला, एब्रो नदीच्या काठी, रिओहा नावाचा मुलूख आहे. तिथल्या टेकड्यांवर टेम्प्रानिलो नावाचं काळंभोर द्राक्ष पिकतं. जात हळवी, इतरांच्या आधी तयार होणारी. पण तिची तांबडी वाईन मात्र ओक झाडाच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते, तेव्हा कुठे सरदारांच्या घशाजोगी होते. गास्पारांना या वाईनचा भारी अभिमान. द्राक्ष खुडायला ते जन्मात कधी वाकले नव्हते. पेला उचलायला मात्र त्यांना कुणाची मदत लागत नसे.

दरबार भरला. कारभारी म्हणाला, “उंदीर असतील, हुजूर.”

“लाख न फोडता पिणारे उंदीर? मग तुला काढून त्यांनाच कारभारी नेमतो!”

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, “पिंपातला थोडा वाटा देवदूत पितात, अशी जुनी समजूत आहे.”

“पितात? आणि कर भरत नाहीत?” सरदार आणखीच भडकले.

तळघरावर पहारा बसला. पहारेकऱ्यांचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्यावर दुसरा पहारा बसला. वाईन खाली जातच राहिली. शेवटी ज्याचा कुठेच वशिला नव्हता असा एकच माणूस उरला, पिंपं सांभाळणारा म्हातारा फर्मिन. त्याला कोठडीत टाकून सरदारांनी हुकूम सोडला, “जत्रेपर्यंत चोर सापडला नाही, तर चोर हाच!”

फर्मिनची मुलगी हासिंता धावत कोठडीच्या गजांपाशी आली. “बाबा, खरं सांगा. कोण पितं?”

“कुणीच नाही गं पोरी. लाकूड श्वास घेतं. त्यातून वाईन थोडी थोडी हवेत उडून जाते. हे सांगितलं, तर सरकार म्हणाले, मग हवेला पकडून आण!”

डोळे पुसून हासिंता तडक हवेलीवर गेली. “सरकार, चोर कळला! पण दाखवीन तळघरातच, सगळ्यांदेखत.”

सगळा लवाजमा तळघरात उतरला. हासिंतानं विचारलं, “चोराला शिक्षा काय, हुजूर?”

“ज्या अवयवानं चोरी केली, तो छाटायचा!”

“चोर मोठ्या घरचा निघाला तर?”

“माझा सख्खा भाऊ का असेना!”

“मग आधी एक दीर्घ श्वास घ्या. कसला वास येतो?”

सरदारांनी डोळे मिटून छाती भरून घेतली. “अहाहा! पिकलेलं आलुबुखार, जुनं चामडं, आजोबांची तंबाखूची पेटी! काय वाईन आहे माझी!”

“पण हुजूर, लाख तर शाबूत आहे. मग पिंपातली वाईन तुमच्या नाकात कशी शिरली?”

सरदारांनी एक डोळा उघडला.

“लाकडातून जी बाहेर येते ती हवेत मिसळते, आणि हुजूर ती रोज येऊन हुंगतात,” हासिंता म्हणाली. “चोर मी दाखवला. आता कारभारीसाहेब, सुरी आणा. नाक छाटायचंय!”

सरदारांचा हात झटकन नाकावर गेला. “अगं, पण इथं सगळेच श्वास घेतात! तुझा बाप तर दिवसभर घेतो!”

“आम्ही नोकर माणसं, सरकार. आमच्या वाट्याला उरलंसुरलं. पहिला श्वास हुजुरांचाच!”

पाद्रीबाबांना ठसका लागला. कारभारी छताकडे बघू लागला. आणि सरदार गास्पार असे खदखदून हसले की पोट धरून पायरीवरच बसले. “सोडा फर्मिनला! सरदाराचं नाक कापायला निघालेली पोर आजच पाहिली! बोल, काय देऊ?”

“एक पिंप द्या. काठोकाठ भरलेलं.”

“दिलं! पण ध्यानात ठेव, तेही कमी होईल.”

“नाही होणार, सरकार,” हासिंता म्हणाली. “फक्त आमच्या दारावरून जाताना तेवढं नाक धरून जात जा!”

सरदारांना पुन्हा हसू फुटलं, आणि नाक धरूनच ते पायऱ्या चढू लागले.