गुणाजीचा बिनचूक डाव

कुंभारवाडीत गुणाजी नावाचा एक भोळा गडी होता. सांगावं ते करायचा, आणि सांगितलं तेवढंच करायचा. जत्रेतल्या बुद्धिबळाच्या सामन्यात तो सलग अकरा वर्षं हरला होता. यंदा पंचांनी बजावलं, "तीन डाव मिळतील. एक तरी जिंक. नाहीतर पुढच्या वर्षापासून तू चहा वाटायचा."

गुणाजी रडकुंडीला आला. अप्पा खोतांकडे गेला. अप्पा म्हणजे गावातले बुद्धिबळाचे गुरू. वीस वर्षांत त्यांनी पटाला हात लावला नव्हता, हरायची भीती. सल्ले देऊन कुणी हरत नाही, म्हणून ते सल्ले देत. त्यांनी एक पुस्तक काढून दिलं. "हा एका उस्तादाचा डाव. सुरुवात कशी करावी ते यात बघ. पाठ कर. तो खेळला तसाच खेळ."

गुणाजीनं पाठ केला.

पहिला डाव. सहाव्या चालीला उस्तादानं वजीर धाडून घोडा मारला होता. गुणाजीनंही वजीर धाडला. समोरच्याच्या प्याद्यानं तो टिपला.

"घोडा कुठाय?" गुणाजी ओरडला.

"माझा घोडा घरातच आहे, हललाच नाही."

"पुस्तकात तर इथं होता!"

अप्पांनी कपाळावर हात मारला. "गाढवा, आधी समोरच्याकडे बघावं, मग चाल करावी!"

दुसरा डाव नरसू सुताराशी. गुणाजीनं पटावरची नजर काढली आणि नरसूच्या तोंडावर लावली. नरसू गाल खाजवे, गुणाजी प्यादं सरकवे. नरसूनं चौथ्याच चालीला मात केली.

"कुठं लक्ष होतं रे तुझं?" अप्पा खेकसले.

"त्यांच्याकडेच की! दोनदा जांभई दिली त्यांनी."

"माणसाकडे नाही रे, त्याच्या चालीकडे! पुस्तकातली चाल आली तर पुस्तकातलंच उत्तर दे. जरासुद्धा इकडचं तिकडे करू नकोस. अगदी शेवटपर्यंत!"

अप्पांनी स्वतः ते पुस्तक चार पानांपुढे वाचलं नव्हतं. पण गुरूला कोण विचारणार?

तिसरा डाव शेजारच्या गावच्या सुभेदारांशी. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. काळ्या सोंगट्या त्यांच्या. आणि काय नशीब! सुभेदार नेमके पुस्तकातल्यासारखेच खेळत गेले. दहा चाली झाल्या. वीस झाल्या. बाविसाव्या चालीला सुभेदारांचा वजीर पडला, राजा कोपऱ्यात कोंडला. सुभेदारांनी घाम पुसला आणि उगीच एक प्यादं पुढं ढकललं.

आता एक हत्ती सरकवायचा, की मात. शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

गुणाजी हात बांधून बसला.

"खेळ की!" सुभेदार म्हणाले.

"हे प्यादं कुठून आलं? पुस्तकात इथं काळा डाव सोडतो."

"मी नाही सोडत."

"सोडावा लागतो हो. छापलंय तसं."

"म्हटलं ना, नाही सोडत!"

गुणाजीनं घाबरून अप्पांकडे पाहिलं. अप्पा दातओठ खात ओरडले, "माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पुस्तकात आहे तसं कर!"

गुणाजीचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे डाव सुटायला तर हवाच," तो सुभेदारांना म्हणाला. "तुम्ही सोडत नाही, तर मी सोडतो."

आपला पांढरा राजा त्यानं पटावर हळूच आडवा केला आणि हसत अप्पांकडे वळला.

"अप्पा, एक चाल चुकली नाही बघा!"