सूर्यास्ताला उतरणारे दगड

एका राज्यात डोंगराच्या पोटात एक जलासुर निजलेला असे. दर बारा वर्षांनी तो कूस बदली, आणि त्याच्या अंगाखाली दबलेले पाणी लोंढ्याने नगरावर येई. नगराचा जुना मातीचा बांध आता पार खचला होता. जलासुर कूस बदलायला तीन महिने उरले, तेव्हा राजा मणिवर्म्याने प्रधान विश्वधराला नवा बांध उभारण्याची आज्ञा केली.

विश्वधर बुद्धीचा तल्लख. दहा दिवस खपून त्याने कापडावर आराखडा काढला. मातीऐवजी दगड, दगडांना खाचा, खाचांत वितळलेले शिसे. असा बांध त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. त्याने तीनशे पाथरवट दरबारात बोलावले, सारे समजावून दिले आणि विचारले, "कळले ना?"

"जी, प्रधानजी," म्हणत तीनशे माना हलल्या.

काम सुरू झाले. दिवसभर दगडावर दगड चढला. सूर्य मावळला, आणि दगड एकेक करून खाली उतरले व नदीकाठी जाऊन बसले.

राजपुरोहिताने पोथी उघडली. "प्रधानजी, पूर्वी एका राजाने एका मांत्रिकाला जबरीने दगड वाहायला लावले होते. त्याचा शाप आहे. राजाच्या कामावर नुसत्या तोंडाच्या होकाराने ठेवलेला दगड सूर्यास्तानंतर टिकायचा नाही."

"मनापासूनचा होकार हवा, एवढेच ना?" विश्वधर म्हणाला. "मिळवतो."

त्याने रोज सकाळी पाथरवटांना उभे करून बांधाची थोरवी सांगितली. पाथरवटांनी माना डोलावल्या. संध्याकाळी दगड उतरले. मग त्याने सर्वांना केशरी पागोटी बांधली, जिलबीची पंगत घातली. पाथरवट जेवले, तृप्त झाले, दगड उतरले. शेवटी ढोल वाजवून, हातात नदीचे पाणी देऊन त्याने तीनशे जणांकडून शपथ वदवून घेतली. त्या संध्याकाळी दगड उतरलेच, शिवाय एक येऊन प्रधानाच्या अंगठ्यावर बसला.

"अरे, आणखी काय करू मी या लोकांसाठी?" विश्वधर ओरडला. दोन महिने संपले होते.

जवळच्या उंबराच्या झाडावर बसलेला भारद्वाज पक्षी म्हणाला, "तीन गोष्टी कर. दरबारात कोणी उच्चारला नाही असा शब्द ऐक. तुझा आराखडा दुसऱ्याच्या हाताने मोडू दे. आणि कोणी आज्ञा न करता उचललेला दगड बांधावर चढू दे."

"पक्ष्यांनीही आता कारभार शिकवावा!" विश्वधर चरफडला. पण दुसरा उपाय नव्हता.

तो पाथरवटांच्या वस्तीत गेला. तिथे सटवाक्का टाकीला धार लावत होती. सत्तरी उलटलेली, निम्म्या वस्तीला दगड फोडायला तिनेच शिकवले होते.

"सटवाक्का, खरे सांग. हा बांध तुला बांधायचा आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

दोन महिन्यांत तो शब्द त्याच्या कानी पहिल्यांदाच पडला. संताप मस्तकात गेला, तरी तो खाली बसला. "का नाही?"

"त्याला मोऱ्या नाहीत. पाण्याला वाट नाही. लोंढा मागे तुंबेल आणि तुमच्या शिशासकट भिंत उलथवील. खाली घरे आमची आहेत."

"मग दोन महिने गप्प का राहिलीस?"

"तुम्ही विचारलेत, 'कळले ना?' कळले तर होतेच."

 विश्वधराने आराखड्याचे कापड तिच्यापुढे पसरले. सटवाक्काने कोळसा घेतला आणि पहिल्याच फटक्यात पायाची रेघ खोडली.  त्या एका रेघेसाठी प्रधानाने दोन दिवस घातले होते. तिने सात मोऱ्या काढल्या. शेजारपाजारचे पाथरवट जमले. एकाने पाया नदीच्या बाजूला सरकवला. दुसरा म्हणाला, "शिसे मात्र चांगले. ते राहू द्या." उन्हे उतरेतो त्या कापडावर प्रधानाच्या हातचे जेमतेम निम्मे उरले.

दुसऱ्या दिवशी त्याने ढोल वाजवला नाही, हुकूम सोडला नाही. नदीकाठी जाऊन बसला. प्रहर गेला. कोणी येईना. 'हाक मारू का?' जिभेवर आलेला शब्द त्याने सात वेळा गिळला. ऊन डोक्यावर आले, हातपाय चुळबुळू लागले.

मग सटवाक्का आली. तिने एक दगड उचलला, बांधाच्या पायावर ठेवला, वाकून पाहिला, पुन्हा उचलून नीट बसवला. तिच्यामागे वस्ती आली.

सूर्य मावळला. दगड जागचे हलले नाहीत.

महिन्याने जलासुराने कूस बदलली. डोंगर हादरला, पाणी गर्जत आले, बांधाला धडकले आणि साती मोऱ्यांतून निमूट वाहत गेले. नगरातली एक चूलही विझली नाही.

तो शाप असा सुटला, राज्याची घडी बसली, आणि प्रधानाची झोप मात्र कायमची उडाली. कारण त्यानंतर कोणतेही राजकार्य निघाले की पाथरवट, कुंभार, माळी दारात उभे राहत आणि म्हणत, "प्रधानजी, आम्हांला हे पटत नाही."

विश्वधर कपाळावर हात मारी, घोंगडी पसरी आणि म्हणे, "बसा. बोला."