म्हाकूबाई आणि माळावरचे लांडगे

फार वर्षांपूर्वी, जेव्हा माळावर बांध नव्हते आणि गवत मेंढरांच्या पाठीला लागत असे, तेव्हा सोनखडीच्या वाडीत म्हाकूबाई नावाची एक धनगरीण राहत होती. तिचं वय कोणी निश्चित सांगत नाही. तिच्या मेंढरांइतकी लोकर त्या मुलखात कुठेच निघत नसे, असं म्हणतात.

एका हिवाळ्यात लांडग्याने तिचा सर्वांत देखणा मेंढा नेला. त्याच संध्याकाळी तिने वाडीला सांगितलं, की या माळावर एकही लांडगा राहता कामा नये. वाडीत तिच्या शब्दाला मान होता. माणसांनी घळीतल्या बिळांत धूर केला आणि बाहेर आलेली जनावरं काठ्यांनी संपवली.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. कोकरं निर्धास्त हुंदडली. मग ससे वाढले, काळविटांचे कळप वाढले. पाठीस लागणारं कोणी नसल्यामुळे ते एकाच जागी गवत मुळापर्यंत खाऊ लागले. गवतात घरटी करणारे चंडोल निघून गेले. उघडी पडलेली माती वाऱ्याने नेली, आणि पाऊस आला तो न जिरता वाहून गेला. अखेर वाडीची विहीर आटली. हे सारं किती काळात घडलं याबद्दल मतभेद आहेत. पण घडलं याच क्रमाने, असं म्हणतात.

मेंढरं मरू लागली तेव्हा वाडीने माळ कायमचा सोडायचं ठरवलं. घोड्यावर बिऱ्हाड लादता लादता म्हाकूबाईचा दीर येसू म्हणाला, "वैनी, लांडगं तर संपलं. आता कुणाला धूर द्यायचा? सशाला?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"मी एक लांडगा बघितला, भावजी," म्हाकूबाई म्हणाली. "त्याच्यावर सगळा माळ तोलून हुता, ते दिसलं न्हाई मला. मी आणते त्येला माघारी. तवर थांबा."

कळपात उरलेलं एकुलतं धडधाकट कोकरू खांद्यावर घेऊन ती मावळतीच्या डोंगराकडे निघाली. तिथे लांडग्यांच्या एका जोडीपुढे तिने ते खाली ठेवलं आणि स्वतः बाजूला बसली. लांडग्यांनी ते हुंगलं, खाल्लं मात्र नाही. परतीच्या वाटेने पुढे म्हाकूबाई, तिच्या मागे कोकरू आणि कोकरामागे ती जोडी चालत आली, असं म्हणतात. त्यांची पावलं उमटली तिथे गवताचे कोंब फुटले. ते डोळ्यांनी पाहिलेलं आज कोणी नाही. पण माळ हळूहळू भरला, एवढं खरं. ससे जागा बदलत चरू लागले, गवत बी धरू लागलं, माती थांबली आणि विहिरीला पाणी आलं.

पाणी आलं त्याच सकाळी लांडग्यांनी ते कोकरू उचललं. येसूने काठी उगारली. म्हाकूबाईने त्याचा हात धरला.

"असू द्या, भावजी. त्येंचं हाय त्ये."

सोनखडीत आजही विणीच्या हंगामात प्रत्येक कळपातल्या पहिल्या कोकराच्या कपाळाला भंडारा लावतात आणि त्याला म्हाकूबाईचं कोकरू म्हणतात. ते विकत नाहीत, कापत नाहीत. बाकीची जाळीच्या कुंपणात कुत्र्यांच्या राखणीत असतात. हे एक बाहेर मोकळं असतं. बरीचशी अशी कोकरं सुखरूप मोठी होतात. एखादं दिसेनासं होतं, आणि तेव्हा त्या घरातलं कोणीही त्याचा माग काढायला जात नाही.