पांढरी सात

"ते सगळं खरं, चाचा. पण तार जाड लावू की पातळ, तेवढं सांगा!"

धैर्यशील घोरपडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत, बाबालालचाचांच्या दुकानात तो अर्ध्या तासापासून मांडी घालून बसला होता. मांडीवर इलेक्ट्रिक गिटार, शेजारी बॅटरीवरचा छोटा अँप आणि पुढ्यात तारांची तीन पाकिटं.

चाचा तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कोल्हापुरात धैर्यशीलचा बँड होता. गाणी तोच बांधायचा, गिटार तोच वाजवायचा, आणि कुणी चुकलं तर झापायचाही तोच. गाणी भारदस्त वाटावीत म्हणून त्यानं गिटार नेहमीपेक्षा पाच पट्ट्या खाली उतरवली होती, थेट पेटीच्या पांढरी सातला. तिथं बारीक तारा ढिल्या पडल्या. मग त्यानं जाडजूड तारा आणल्या. त्या गिटारच्या मानेवरच्या खाचांत मावेनात, तेव्हा पठ्ठ्यानं घरच्या कानशीनं खाचाच रुंद केल्या. आता तारा मावत होत्या, पण आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येत होता.

पुण्यातल्या दोन दुकानदारांनी दोन सल्ले दिले होते. रविवारी इचलकरंजीत स्पर्धा होती.

आणि दाराजवळ श्रावस्ती कांबळे बसली होती. बँडला नाव नव्हतं तेव्हापासून ती बँडमध्ये गात होती. मागच्या कार्यक्रमात तिचा सूर हलला. एकदा नाही, गाण्यागणिक. पोरांनी ठरवून टाकलं होतं, उद्याच्या तालमीत पुन्हा हलला तर रविवारी दुसरी गायिका. धैर्यशीलनं तिला सोबत आणलं ते एवढ्यासाठीच. तारा एकदा नीट लागल्या की चूक कुणाची ते तिलाही कळेल, असं तो वाटेत म्हणाला होता. 

"हे बघा," धैर्यशीलनं फोन पुढे केला. "यात तक्ताच आहे. कुठल्या सुराला किती जाडीची तार, किती किलोचा ताण. पांढरी सातला जाड तार बासष्टची. हिशेब बरोबर येतो."

"येतो?"

"तंतोतंत."

"मग इथं कशाला आलास?"

धैर्यशीलनं फोन खिशात घातला.

चाचांनी कानस खाली ठेवली. हात पुसले.

"तंबोरा करून घ्यायला कोण आलं, तर आम्ही पहिल्यांदा काय विचारतो, ठाऊक हाय?"

"काय?"

"गाणार कोण."

"गिटारचं तसं नसतं, चाचा. आधी गिटार. गाणाऱ्यानं तिच्यावर गायचं."

"असं..."

"असंच असतं."

"बरं. मग ही पांढरी सात कुणासाठी लावलीस?"

"जड वाटतं म्हणून."

"कुणाला?"

"ऐकणाऱ्याला," असं तो म्हणाला खरा, पण जरा उशिरानं.

चाचांनी दाराकडे पाहिलं.

"तू गातीस, बाळ?"

"गाते," श्रावस्ती म्हणाली. "शनिवारपर्यंत तरी."

चाचा हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा जवळ ओढला आणि पांढरी सातला मिळवला.

"मागच्या कार्यक्रमाला कुठल्या तारा होत्या?"

"पातळ. दहाच्या जोडातल्या."

"त्यातली जाड तार चढव. आणि रोज मारतोस तशी मार."

धैर्यशीलनं तार चढवली, अँप लावला आणि हात उचलून मारली. असा हात कोल्हापुरात दुसऱ्या कुणाचा नाही, अशी त्याची खात्री होती. ती काही खोटी नव्हती.

"परत."

त्यानं परत मारली. चाचा बोटांनी तंबोरा छेडत राहिले.

"परत..."

चौथ्या वेळेला धैर्यशीलचा हात तारेवरच थांबला. पोराचा कान पक्का होता, तेवढं मान्य करायला हवं. तंबोरा एका जागी होता. गिटारचा सूर मात्र फटका बसला की वर उडत होता आणि मग हळूहळू खाली येत होता. प्रत्येक वेळी.

"चढतोय," तो म्हणाला.

"कोण?"

"सूर."

"कुणाचा?"

धैर्यशीलनं तार पुन्हा एकदा छेडून पाहिली.

"कुणाचा रे?"

"माझा."

 कार्यक्रमानंतर सगळ्यांसमोर तिला काय काय बोललो ते धैर्यशीलला शब्दन् शब्द आठवलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. श्रावस्ती रस्त्याकडे बघत होती. ती बिचारी चढत्या सुरामागे धावायची, आणि ती पोचेपर्यंत हा सूर खाली उतरलेला असायचा.

पण धैर्यशील तो धैर्यशीलच. क्षणात सावरला.

"म्हणजे जाडच हवी! ताण हवा! बासष्ट! मी आधीपासून तेच म्हणतोय!"

"लाव की बासष्ट," चाचा म्हणाले. "कोण नको म्हणतंय?"

त्यानं झटक्यात लावली. सूर जागचा हलला नाही. त्यानं विजयी मुद्रेनं दोघांकडे पाहिलं.

"पोरी, गा आता," चाचा म्हणाले. " तुमच्या गाण्यातला सगळ्यात खालचा सूर, तेवढाच."

श्रावस्तीनं डोळे मिटले आणि गायली. तोंड उघडं होतं, मान ताठ होती, पण आवाजाऐवजी नुसता श्वास बाहेर आला. गिटारखाली तोही ऐकू येईनासा झाला.

"ती नेहमी थोडी..." धैर्यशील म्हणू लागला.

चाचांनी हात वर केला. मग तंबोऱ्याची खुंटी किंचित पिळली. एक पट्टी वर. ती गायली. अजून श्वासच, पण त्यात थोडा आवाज.

आणखी एक पट्टी. काळी एक.

श्रावस्तीचा आवाज उघडला. भरदार, खालचा, आणि मुळीच न घाबरलेला. भिंतीवर टांगलेले तंबोरे कुणी हात न लावता घुमू लागले. ती थांबली तरी ते घुमतच होते.

 चार वर्षं धैर्यशील हा आवाज ऐकत होता, आणि तो असा आहे हे त्याला आज कळत होतं.

चाचांनी पाकिटं चाळली आणि मधलं उचललं. अकरा ते छप्पन जाडीच्या तारांचं. ते धैर्यशीलनं फोडलंसुद्धा नव्हतं.

"हे तर नवशिक्यांचं," तो पुटपुटला.

"असंल."

रुंद केलेल्या खाचांत चाचांनी हाडाची पूड भरली, वर चिकटद्रव्याचा थेंब सोडला, सुकू दिलं आणि पुन्हा बेतानं कोरून काढलं. असल्या कानशीनं असली नासधूस करणाऱ्याचे हात बांधून ठेवले पाहिजेत, एवढं ते मधे एकदा बोलले. मग तारा चढवून काळी एकला लावल्या.

"मार."

"हळू?"

"का? रोज मारतोस तशी मार. अंगात रग हाय ती कुठं जाणार?"

त्यानं मारली. सगळा जोर लावून. तार वाजली, खणखणीत, आणि सूर जिथं होता तिथंच राहिला. त्याच्यावर श्रावस्तीचा आवाज येऊन बसला. धैर्यशीलनं पुन्हा मारली, पुन्हा मारली. त्याला इतका आनंद झाला की तोंडावरचा रुबाब सांभाळायचं भानच राहिलं नाही. श्रावस्ती गाता गाता हसली. त्या हसण्यानंही सूर हलला नाही.

दोघं थांबले तेव्हा चाचा पुन्हा घोडीवर वाकले होते.

"रविवारी तूच," धैर्यशील तिला म्हणाला. "आणि परवाचं... चुकलं माझं."

"पोरांसमोर बोललास," ती म्हणाली. "पोरांसमोर सांग."

"सांगतो."

त्यानं गिटार पिशवीत घातली. मग काहीतरी आठवून वही काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि नव्या पानावर हात ठेवला.

"चाचा, एवढं लिहूनच घेतो, म्हणजे पुढच्या वेळी घोळ नको. वर काय लिहू? काळी एक? का अकरा ते छप्पन?"

चाचांनी कानशीवरची पूड फुंकली.

"तिचं नाव लिही."